वाकळे सरांचा एकतर्फी सारखेपणा

आमच्या पुंडलिकनगरातले वाकळे सर मला आणि शेजारच्या जोशींना एकाच नावानं हाक मारतात. दोघंही जोशी. मी शिंदे आहे, हे त्यांना नीट ठाऊक आहे.

"तुम्हा दोघांना काय बी सांगा, उत्तर एकच. 'बघू.' मग नावं दोन कशाला?"

सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. विषय अर्धगट. "केलेलं पुसता येतं तो गट. जिथं एकामागून एक करत जायचं, पुसायची हमी नाय, तो अर्धगट. लग्न, नोकरी, महापालिका, सगळे अर्धगट." त्यात म्हणे काही गोष्टी एकतर्फी सारख्या असतात. नंतर काहीही करा, सारख्याच राहतात. आधी काही केलं की फरक उघडा पडतो. "जोशींना आधी चहा पाजला की 'हो' म्हणतात. तुम्ही चहा पिऊन बी 'बघू'च."

कोणत्या अर्धगटात असले सारखेपणे कसे मांडलेले असतात, त्यावरून अर्धगटांची वर्गवारी लावण्यात सरांचं आयुष्य गेलं. एकदा सत्कारही झाला. अध्यक्षांनी या विषयाचा संबंध सामाजिक समरसतेशी जोडला. शाल सावरत सर मला म्हणाले, "हे आधी बोलले काय, नंतर बोलले काय. दोन्हीकडून सारखेच."

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराला नवे मजले रोज फुटत होते आणि नळाला मात्र पाणी फुटत नव्हतं. टँकरच्या वाटेवर गल्लीत निळे ड्रम ओळीनं उभे असत. दुपारच्या उन्हात ते जमिनीपासून वीतभर तरंगत आहेत असं वाटे. त्यांच्यामध्ये छत्री धरून सर स्वतःशी पुटपुटत. टँकर येऊन जाई. सरांचा ड्रम कोरडाच.

अशातच त्यांच्या मुलीचा, सुषमाचा, पुण्याहून फोन आला. "काका, बाबांना समजवा. रविवारी त्यांना न्यायला येतेय. इथं पाणी आहे, माणसं आहेत. ते तिथं एकटे असतात, मला झोप लागत नाही हो."

मी म्हणालो, "बघू."

सरांकडं गेलो तर ते चपला घालत होते. "गुलमंडीच्या बाजारात चला. रस्त्यानं समजवा."

कापडाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचे जुने सहकारी रफिक सर खिडकीशी बसले होते. आजारपणानंतर त्यांच्याजवळ कालचा दिवस टिकत नाही. वाकळे सरांनी पाटी घेतली आणि एकतर्फी सारखेपणा अगदी पहिल्यापासून समजावला. खाली रिक्षांचा गलका होता; वर खडूचा बारीक आवाज. बऱ्याच वेळानं रफिक सरांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"वाकळे, बाद में करे तो बराबर. पहले करे तो फरक कायकू पडता जी?"

वाकळे सर उडालेच. "क्या सवाल निकाला रफिकभाई! कमाल हो गया!"

रफिक सर लाजले. पहिला नंबर आल्यासारखे.

जिन्यात मी विचारलं, "प्रश्न नवा होता?"

"रोजचाच. त्यांना रोज पहिल्यांदा सुचतो." सरांनी कठडा धरला. "मी पुण्याला गेलो तर कुणासमोर सुचावा?"

रविवारी सुषमा आली. मी काहीच समजावलं नाही. तिला सरांच्या मागोमाग त्या खोलीवर घेऊन गेलो. ती उंबऱ्याशीच बसली. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. तो प्रश्न आला, आणि तिचे बाबा पुन्हा तसेच उडाले.

परतताना ती गाडीत माझ्याकडं झुकली. मग वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "काका, टँकरवाल्याचा नंबर आहे तुमच्याकडं?"