वर्तुळाचे अध्यक्ष

एका जंगलात वणवा लागून गेला, मुलांनो. वणवा तीन दिवसांत विझला. मग धीर द्यायला मोठे आले. ते काही अजून विझलेले नाहीत.

त्या जंगलात झिपरी नावाची एक वानरी होती. तिची थोरली बहीण सावळी. वणव्याच्या धुरात सावळीचं पिल्लू गेलं. सावळीनं ते खाली ठेवलंच नाही. वीस दिवस झाले, ती त्याला एका हातानं पोटाशी धरून फिरत होती. पिल्लू वाळून चामड्यासारखं झालं होतं. कुणी जवळ गेलं की सावळी दात दाखवायची.

तुम्ही म्हणाल, धरू दे की, कुणाचं काय जातं? पण वानरांच्या टोळीला आता ही जागा सोडायची होती. पाला सगळा जळाला होता. एक उंबर तेवढा वाचला होता. त्याची फळं संपली की घळीपलीकडच्या रानात जायचं ठरलं होतं. घळ ओलांडायची म्हणजे उडी, आणि उडीला दोन्ही हात लागतात. एका हातानं मारलेल्या उड्या घळीच्या तळाशी पडलेल्या असतात.

झिपरीनं टोळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "ताईचं काय करायचं?"

"काळ हेच औषध," म्हातारे म्हणाले.

"उंबर आठ दिवसांत संपेल."

"मोठ्यांना उलट बोलू नये."

हे दुसरं औषध मात्र त्यांच्याकडे कधीच संपायचं नाही.

त्या जंगलात एक मनःस्वास्थ्य केंद्रही होतं. त्याचे प्रमुख नानासाहेब अस्वल. चाळीस वर्षांचा अनुभव. घाबरलेल्या हरणाला ते सांगत, "घाबरू नकोस." रडणाऱ्या कोल्हिणीला सांगत, "रडू नकोस." झोप उडालेल्या रानडुकराला सांगत, "झोप." रोगी पुन्हा फिरकला नाही की नोंद व्हायची: बरा झाला.

वणव्यानंतर रोगी फार वाढले. तेव्हा बर्फाच्या डोंगरांपलीकडच्या एका राज्याशी करार झाला. त्याला 'आंतरजंगलीय सहकार्य' असं नाव दिलं. तिकडून एक क्रौंचबाई उडत आल्या. त्यांच्या देशात दुखावलेले आठ-दहा प्राणी गोल बसत. एकेक जण आपलं दुःख बोले, बाकीचे ऐकत. असे गट चालवायला इथल्या बारा जणांना त्या सात दिवसांत शिकवणार होत्या. मदतीला एक पोपट दुभाषा नेमला होता. त्याला दोन्ही भाषा चांगल्या येत. नानासाहेबांचा स्वभाव त्याहून चांगला येत असे.

बारापैकी अकरा जागा केंद्रातल्या वरिष्ठांच्या भाचे-पुतण्यांनी भरल्या. बारावी तरी जळलेल्या भागातल्या कुणाला द्या, असा बाईंनी हट्ट धरला. तशी झिपरी आत गेली. तिला ना विद्या हवी होती ना प्रमाणपत्र. सावळीचा एक हात मोकळा व्हायला हवा होता.

पहिल्या दिवशी उद्घाटन. उद्घाटन म्हणजे दीपप्रज्वलन आलंच. त्यासाठी वणव्यातलंच एक धुमसतं लाकूड खास जपून ठेवलं होतं. जळलेल्या भागातली हरणं मानाची म्हणून पहिल्या रांगेत बसवली होती. नानासाहेबांनी फुंकर मारली. ज्वाळा उठली. हरणं जी उधळली, ती थेट नदीत जाऊन पडली.

अहवालात लिहिलं गेलं: उपस्थितांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.

मग बाई म्हणाल्या, "सगळे गोल बसा."

सगळे बसले. नानासाहेब उभेच राहिले.

"माझी जागा कुठली?"

"कुठलीही," पोपटानं भीतभीत भाषांतर केलं. "गोलाला पुढचं-मागचं नसतं म्हणतात बाई."

"त्यांच्याकडे नसेल. आपल्याकडे परंपरा आहे." नानासाहेबांनी एक उंच दगड आणवला आणि गोलात ठेवून वर बसले. "गोलच आहे की. मी फक्त अध्यक्ष आहे."

अध्यक्षांकडे पाठ करणं बरं दिसत नाही. म्हणून जो तो थोडा थोडा सरकला. तिसऱ्या दिवशी गोलाचा अर्धगोल झाला. पाचव्या दिवशी रांगा लागल्या. मागच्या रांगेतले भाचे घोरू लागले.

बाईंची एक पद्धत होती. त्या गटासमोर बसत आणि गप्प राहत. कुणाला तरी आतून बोलावंसं वाटेपर्यंत वाट बघत. पहिल्यांदा त्या अशा गप्प झाल्या तेव्हा झिपरी सरसावून बसली. तोंड उघडावं असं तिला वाटलं. तेवढ्यात पोपट घसा खाकरून म्हणाला, "बाई म्हणतात, आता साहेबांनी मार्गदर्शन करावं."

नानासाहेबांनी दुपारपर्यंत केलं.

सहाव्या दिवशी झिपरीनं बाईंना पाणवठ्यावर एकटं गाठलं. पोपट साहेबांचं भाषण पाठ करत होता, म्हणून जमलं. बाईंना इथले थोडेच शब्द येत होते.

"बस," बाई म्हणाल्या. "ऐक. गप्प."

"एवढंच?"

"एवढंच." बाईंनी चोच पाण्यात बुडवली. "फार कठीण."

"आमच्या ताईला उद्या आणू? ती बोलेल?"

बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही. पण उंबरावर शेवटची एक फांदी उरली होती. झिपरीनं ते हो धरलं.

सातव्या दिवशी ती सावळीला घेऊन आली. कशी आणली, ते तिचं तिलाच ठाऊक. वाटेत झिपरीनं दोनदा सावळीचे चावे खाल्ले.

"कोण असणार तिथं?" सावळी विचारत राहिली.

"ऐकणारे आहेत, ताई."

"शिकवणारे नाहीत ना?"

"नाहीत गं."

ही थाप तिनं मनापासून मारली होती.

सावळी बसली. बाई गप्प झाल्या. झिपरीनं पोपटाकडे असं बघितलं, की तोही गप्प राहिला. सावळीनं पोटाशी धरलेल्या त्या चिमुकल्या पाठीवरून बोट फिरवलं. तिचे ओठ हलले.

"त्या दिवशी ना... मी त्याला..."

"धीर धरा ताई, धीर धरा!" नानासाहेब दगडावरून म्हणाले. "मी तुमच्या वडिलांसारखा. अहो, हा कसला वणवा? वणवा आमच्या वेळचा! नदी उकळली होती. मासे शिजून वर आले होते. आम्ही रडत बसलो का?"

"नाही!" भाचे म्हणाले.

"पाहुण्या बाईंसमोर डोळ्यांत पाणी नको. दुसरं होईल. वय आहे तुमचं."

सावळीचे ओठ मिटले. दुसरा हातही पिल्लावर गेला.

पोपट बाईंना म्हणाला, "तिला बरं वाटतंय. बघा, रडतसुद्धा नाही."

"तिचं वाक्य अर्धं राहिलं, नानासाहेब," झिपरी उठून म्हणाली.

"पोरी, वेळ संपली. अजून आभारप्रदर्शन राहिलंय."

"तुमच्या वणव्याला वेळ होता!"

"संस्कार," नानासाहेब खेदानं म्हणाले आणि त्यांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा उचलला.

झिपरीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली आणि सह्या करत सुटल्या. किती जण तयार झाले, एवढाच आकडा त्यांना घरी न्यायचा होता. बर्फाच्या डोंगरांपलीकडेही मोठे असतातच, मुलांनो.

झिपरी प्रमाणपत्र न घेताच निघाली. सावळीला घेऊन ती नदीकाठच्या एका जळक्या ओंडक्यावर येऊन बसली. आता काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. म्हणून ती काहीच करेना. नुसती बसून राहिली.

फार कठीण होतं ते. दर थोड्या वेळानं तिच्या जिभेवर काहीतरी शहाणपणाचं यायचं. ती ते गिळायची.

नदीत पडलेल्या हरणांपैकी एक हरिणी अजून तिथंच होती. ती जवळ येऊन टेकली. मग झोप उडालेलं रानडुक्कर आलं. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा सावळी स्वतःशीच बोलावं तसं बोलली.

"धूर लागू नये म्हणून मी त्याचं तोंड पोटात दाबलं. घट्ट दाबलं. धूर गेला, तेव्हा तो गार होता. धुरानं गेला का गं झिपरे? की मी दाबलं म्हणून?"

'छे गं, वेडी की काय' हे झिपरीच्या दातांपर्यंत आलं. तिनं दात मिटले. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मी पळाले," हरिणी म्हणाली. "माझं पाडस मागून हाक मारत होतं. मी ऐकलं. तरी पळाले."

"मी गुहेच्या तोंडाशीच झोपलो होतो," रानडुक्कर म्हणालं. "म्हणून एकटा वाचलो. आता झोपच नको वाटते."

सावळी दोघांकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कुणाकडे तरी बघत होती. मग ती रडली. मोठ्यानं, घाणेरडं, नाक गळेपर्यंत. हरिणी रडली. रानडुक्कर तर इतकं रडलं, की रडता रडता तिथंच झोपलं.

"जरा धर," सावळी शेवटी म्हणाली आणि पिल्लू तिनं झिपरीच्या हातात दिलं. "हात अवघडलाय."

सकाळी त्या तिघींनी मिळून पिल्लाला ओल्या मातीत ठेवलं आणि वर पाला लोटला. उंबराचं शेवटचं फळ सावळीनं खाल्लं. दुपारी टोळी निघाली. सावळीनं दोन्ही हात पसरून उडी मारली आणि पलीकडची फांदी धरली.

झिपरी उडी मारणार, तेवढ्यात मागून नानासाहेब आले. सोबत पोपट आणि दोन भाचे.

"थांब! काल नदीकाठी तू गट बसवलास?"

"बसला तो. आपोआप."

"अध्यक्ष कोण होतं?"

"कुणी नाही."

"दीपप्रज्वलन?"

"नाही."

"आणि तुझ्याकडे प्रमाणपत्रही नाही!" नानासाहेबांचा श्वास चढला. "मग ती बरी झालीच कशी? कुणाच्या परवानगीनं?"

"तिलाच विचारा. ती काय, पलीकडे बसलीय. जायचं तर उडी मारावी लागेल."

झिपरी गेली. नानासाहेबांनी घळीत एकदा वाकून बघितलं आणि ते माघारी फिरले.

बर्फाच्या डोंगरांपलीकडे अहवाल गेला: केंद्रात उपचार घेतलेल्या रुग्ण वानरीनं स्वबळावर घळ ओलांडली. प्रशिक्षण शंभर टक्के यशस्वी. एक प्रशिक्षणार्थी शिस्तीअभावी गळाली.

नदीकाठचा ओंडका केंद्रानं ताब्यात घेतला आणि त्यावर उंच दगड बसवला. दुसऱ्या दिवशी दूरदूरची हरणं ऐकून तिथं आली. दगडावर नानासाहेब बसलेले त्यांना दिसले. ते म्हणाले, "या, या. मोकळेपणानं बोला. आधी माझं ऐका."

हरणं बराच वेळ उभी राहिली. मग आपापलं दुःख घेऊन ती आली तशी परत गेली. केंद्रानं सगळ्यांची नोंद केली: बरी झाली.

तात्पर्य: मुलांनो, आपलं दुःख नेहमी मोठ्या, अनुभवी, प्रमाणपत्रवाल्या प्राण्यांपुढेच मांडावं. दुसऱ्या कुणापुढे मांडलं, तर तो नुसताच ऐकून घेतो आणि दुःख बेकायदा हलकं होतं.