पळसुलेकाकांचा उलटा लसूण

आमच्या खाली राहणारे पळसुलेकाका झाडांशी बोलतात. तसे पुष्कळ लोक बोलतात. पण काकांचा नियम असा, की बियांच्या पाकिटावर जी भाषा छापलेली असेल त्याच भाषेत त्या झाडाशी बोलायचं. ठाण्याहून आणलेल्या मेथीशी मराठी. इथल्या दुकानातून घेतलेल्या जर्जीर नावाच्या अरबी पालेभाजीला, "यल्ला हबीबी, यल्ला." आणि पेट्युनियाच्या कुंड्यांपुढे उभं राहून, दोन्ही हात मागे बांधून, "काइंडली कोऑपरेट."

अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका जुन्या व्हिलाचे मालकाने तीन भाग केलेत. वरच्या भागात मी, माझा नवरा निखिल आणि आमची नऊ वर्षांची ईरा. खाली अंगणासकट पळसुलेकाका. वय एकोणसाठ, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुपरवायझर. बायको वसुधा सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा कॅनडात. मागच्या भागात कोणी टिकत नाही.

इथली बाग थंडीत जगते. आपल्याकडे पावसाची वाट बघतात तशी काका ऑक्टोबर संपायची वाट बघतात. मग गोड्या, म्हणजे खारट नसलेल्या, मातीच्या गोणी येतात, शेणखत येतं, वाफे पडतात. डिसेंबरात पहाटे पारा चौदावर गेला की काका माकडटोपी चढवतात आणि टोमॅटोंच्या रोपांवर जुन्या चादरी घालतात. एकदा मी विचारलं, एवढी थंडी आहे का? तर म्हणाले, "तुला नाही, त्यांना विचार."

माणूस लाख मोलाचा, पण बागेत कोणी हात लावलेला चालत नाही आणि सल्ला तर मुळीच नाही. निखिलचा एक मित्र शेतकी कॉलेजात शिकलेला. त्याने बिचाऱ्याने एवढंच सुचवलं, की वांग्यांना पाणी जास्त होतंय. काका शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. गेट त्या बाजूला आहे." वाफे दोरी लावून आखलेले, प्रत्येकावर पाटी, पाटीवर पेरणीची तारीख. चूक म्हणून सापडायची नाही.

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही माझ्या सासूबाईंना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. आई तासगावजवळच्या खेड्यातल्या. जन्म शेतात गेलेला. सप्टेंबरात माझे सासरे गेले आणि तेव्हापासून आईंचं बोलणंच थांबलं होतं. विचारलं तर हो-नाही करायच्या, वाढलेलं जेवायच्या आणि दिवसभर खिडकीशी बसायच्या. मूळचा स्वभाव असा, की त्यांचा आवाज तीन घरं सोडून ऐकू यावा. ईरा म्हणायची, "आजी इज नॉट आजी." निखिल रोज ऑफिसातून दोनदा फोन करून विचारायचा, आई काही बोलली का? मी नाही म्हणायची.

हे मी एकदा जिन्यात काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वर खिडकीकडे पाहिलं आणि खतांच्या भावाबद्दल बोलायला लागले. मला जरा रागच आला.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मागून आईंचा आवाज आला, "मेघना, त्या माणसाला सांग, अख्खे धणे पेरून कोथिंबीर येत नसती. रगडून घ्यायचे असतात."

त्या आपणहून काही बोलल्या याला किती आठवडे झाले होते, मला मोजता येईना. पण सल्ला द्यायचा म्हणजे काकांना. भीत भीतच खाली गेले. काका डोकं खाजवत म्हणाले, "असं होय? मला कल्पनाच नव्हती. ताईंना खाली पाठव बघू."

मी पाहतच राहिले. मागच्याच वर्षी याच माणसाने धणे चपलेखाली किती दाबायचे म्हणजे दोन डाळी होतात आणि पीठ होत नाही, यावर मला वीस मिनिटं ताटकळत उभं केलं होतं.

आई खाली गेल्या. आधी लांबून सांगायला लागल्या, मग पदर खोचून वाफ्यात उतरल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी मेथी वीतभर खोल पेरली. त्यानंतर पालकाला भर उन्हात पाणी घातलं. टोमॅटोला आधाराची काठी म्हणून भिंतीपलीकडे पोचेल असा बांबू लावला. रोज सकाळी काकांचा एक नवा गुन्हा उघडकीला यायचा आणि आईंचा आवाज चढत जायचा. ईरा शाळेतून आली की पहिली खबर हीच, "आजी शाउटेड ॲट काका अगेन." काका खाली मान घालून, "हो ताई. चुकलंच." आणि आई वर येऊन पोटभर जेवायच्या. रात्री झोपायच्या. एकदा काकांच्या मेथीची पातळ भाजी करून डबा खाली पाठवला, वर निरोप, की मीठ कमी वाटलं तर तसंच खा म्हणावं, तुम्हाला ब्लडप्रेशर आहे.

जानेवारीत एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. मी नोकरी करते त्या कॉलेजच्या ऑफिसात मला लवकर जायचं होतं. गाडीचे दिवे लावले तर समोर वाफ्यात माकडटोपी. काका उकिडवे बसून आदल्याच दिवशी लावलेल्या लसणाच्या पाकळ्या एकेक करून उपटत होते. उपटायची, उलटी करायची, टोक खाली घालून पुन्हा मातीत दाबायची.

मी खाली उतरले. "काका, हे काय?"

ते दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "वर बोलू नकोस. चुका संपत आल्यात गं माझ्या."

मला हसू आलं. काकांनी हात झटकले. "वसुधा गेल्यापासून इथे कुणी मला रागावलं नाही. लॅबमध्ये सर म्हणतात, मुलगा फोनवर टेक केअर म्हणतो. बाग बघ कशी शिस्तीत झाली. काही अर्थ नाही त्याला." मग एकदम खुलून म्हणाले, "परवा ताई मला मेल्या म्हणाल्या."

मार्चच्या सुरुवातीला आईंचा व्हिसा संपला. निघायच्या दिवशी सकाळी त्या सगळ्या वाफ्यांवरून एक फेरी मारून आल्या. काकांनी त्यांच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या, दोन ठिकाणी तर पुन्हा विचारून. निखिलला मीटिंग होती, म्हणून दुबईच्या विमानतळावर मीच सोडायला निघाले. दोन्ही बाजूंना लाल वाळूच्या टेकड्या. आई म्हणाल्या, "लसूण त्यानं मुद्दाम उलटा लावला होता."

माझा पाय ब्रेकवर जाता जाता राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं शेतात काढली मी. चुकून लावणाऱ्याच्या निम्म्या तरी पाकळ्या सुलट पडतात. ह्याच्या सगळ्याच्या सगळ्या उलट्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होते की रोज. त्याला बरं वाटत होतं, कळत होतं मला." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ह्यांना मी फार बोलायचे गं, मेघना. गेल्यावर वाटलं, एवढं बोलायला नको होतं. तोंडच उघडू नये असं वाटायचं. पण ह्या माणसाकडं बघून वाटलं, नसेल एवढं टोचत. कदाचित ह्यांनाही बरं वाटत असेल."

परत आले तेव्हा दुपार झाली होती. ऊन तापायला लागलं होतं. काका अंगणात, आमच्या खिडकीखाली खुर्ची टाकून बसले होते. पाणी घातलेलं नव्हतं. आईंना लसणाचं सगळं ठाऊक होतं, हे मी सांगितलं नाही.

"बसल्या का विमानात?"

"हो, काका."

त्यांनी मान हलवली. "आज सकाळपासून कुणी काही बोललंच नाही," ते म्हणाले आणि उठून नळीचं तोंड शोधायला लागले.