ब्लँकची बाटली

"हात," सुमन म्हणाली.

मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, तीन बोटं नाडीवर दाबली, भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर लावली आणि ओठ हलवत मिनिटभर मोजलं.

"अडुसष्ट. मधी हललात तुमी."

"माशी बसली व्हती."

"बसू द्यायची. माज्यावर बी बसली व्हती."

मग उठून तिनं दिनदर्शिकेवर, दूधवाल्याचे खाडे मांडायच्या चौकटीत, एक आकडा तिचा लिहिला, एक माझा. आणि चहा टाकला.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

आता येणारा जाणारा म्हणतो, देवमाणूस होती हो. मी सांगतो, देवमाणूस वगैरे काही नव्हती. डोकं खायची. कसं खायची ते ऐका.

पावणे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती बावीस वर्षं लॅबमधली काचेची भांडी धुवायला होती. सातवी शिकलेली. मी चौथी. मी वाशीच्या मार्केटात माथाडी, पाठीवर कांद्याची गोणी. पण घरात शास्त्रज्ञ ती. भांडं तीनदा नळाच्या पाण्यानं विसळायचं, तीनदा पिण्याच्या पाण्यानं, मग उजेडात धरायचं. पाणी सरळ घसरून गेलं तर भांडं स्वच्छ. कुठं थेंब धरून बसलं तर परत पहिल्यापासून. कोपरखैरणेच्या आमच्या दीड खोलीत पाहुण्याला चहा मिळायला अर्धा तास लागायचा. साताऱ्याहून माझा भाऊ यायचा तो बाहेर टपरीवर पिऊनच वर यायचा.

पण भांड्यापेक्षा बाटली वाईट. लॅबमध्ये म्हणे कशाची तपासणी करायची तर दोन बाटल्या मांडतात. दोन्हीत सगळं सारखं घालायचं. एकीत तपासायची वस्तू घालायची, दुसरीत तेवढी घालायची नाही. ही दुसरी म्हणजे ब्लँक. ती नसली तर पहिलीत जे झालं ते त्या वस्तूनं झालं का नुसत्या पाण्यानं, काही कळत नाही. लॅबच्या मॅडमनी तिला हे एकदा सांगितलं आणि माझ्या संसारात ब्लँक शिरला तो कायमचा.

शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्याले, माझा गुडघा थांबला बघा."

"ब्लँक ठेवला व्हता का?"

"म्हणजे काय?"

"दुसऱ्या गुडघ्याला स्टीलचं पाणी दिलं व्हतं का?"

लताबाई चार महिने बोलल्या नाहीत.

रिटायर झाल्यावर सुमनला झोप लागेना. कुणी म्हणालं, बागेत सकाळी योगाचा क्लास असतो, जा. गेली. मलाही ओढत नेलं, पिशवी धरायला. तिथले सर पांढरे कपडे घालून छान बोलायचे. म्हणाले, "ध्यानाला बसलं की माणसाभोवती तेज तयार होतं. हे आता विज्ञानानं सिद्ध केलंय."

सुमनचा हात वर. "सर, ब्लँक ठेवला व्हता का?"

"ताई, श्रद्धा ठेवा. विज्ञान आणि अध्यात्म एकच आहे."

"एक हाय का दोन हायत, त्येच तर बघायचंय. त्यासाठीच दोन बाटल्या मांडायच्या."

सर हसले. माणसं हसली. मी पिशवी घेऊन झाडामागं गेलो.

तुम्हाला वाटेल, बाईचा विश्वास नव्हता. उलट आहे. ती रोज आधी देवापुढं दिवा लावायची, मगच बसायची. प्राणायाम, मग डोळे मिटून ध्यान. मी विचारलं, डोळे मिटून करतेस काय? म्हणाली, "भांडी धुती. इचार आला की घसरून जाऊ द्यायचा. थेंब धरला की परत पहिल्यापासून." झोप लागायला लागली तिला. पण झोप कशानं लागली हे तिला ठरवून पाहिजे होतं. देवाचं नाव घेतल्यानं, श्वासानं, का नुसतं रिटायर झाल्यानं?

एका सकाळी मला म्हणाली, "बसा खुर्चीत."

"मी योगाबिगा करणार न्हाई."

"करायचाच न्हाई. तुमी ब्लँक."

आयुष्यभर गोण्या उचलल्या. काही न करायचं काम पहिल्यांदाच मिळालं. लगेच हो म्हणालो. तिथंच फसलो.

कारण ब्लँकचा नियम असा, की तपासायची एक वस्तू सोडून बाकी सगळं सारखं. ती चटईवर, मी शेजारी खुर्चीवर. पंखा दोनवर. त्याआधी चहा नाही. वीस मिनिटं. मी तंबाखूची पुडी काढली तर म्हणाली, "मी खाती का? मग तुमी बी न्हाई. न्हाईतर फरक कशानं पडला ते कळायचं कसं?" जेवणात मीठ कमी. संध्याकाळी चालायला ती जाणार म्हणून मीही. चाळीस वर्षं ही बाई तंबाखू सोडा म्हणून रडली, भांडली, एकदा माहेरी गेली. मी सोडली नाही. प्रयोगापायी सोडली. वर मला वाटत होतं, मी तिच्यावर उपकार करतोय.

बरं, नुसतं बसणं सोपं नाही. एकदा तिच्या लांब श्वासाबरोबर माझाही श्वास लांब जायला लागला. मी इमानदारीनं सांगितलं. केवढी चिडली! "बिघडवला ब्लँक!" त्या दिवसाचे आकडे खोडले. मग मी आपलं ध्यान लागू नये म्हणून डोक्यात मार्केट आणायचो. पहाटेचा गाळा, कांद्याचा उग्र वास, आमची टोळी, ट्रकवरून पाठीवर येणारी गोणी. एक गोणी, दोन गोण्या, तीन. साठसत्तरपर्यंत गेलो की फार बरं वाटायचं, तिलाही तसं सांगितलं. सगळी मेलेली माणसं त्यात जिवंत दिसायची.

वर्ष झालं. तिनं चष्मा लावून दिनदर्शिकेची बारा पानं खाटेवर पसरली. तिची नाडी खाली आली होती. माझी तिच्यापेक्षा जास्त खाली आली होती.

"बघ!" मी मांडीवर थाप मारली. "काय बी न करणारा जिंकला!"

तिनं पानं गोळा केली. म्हणाली, "मॅडमना इचारती."

फोन लावला आणि आत जाऊन बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "चालू ठेवा म्हणाल्या."

चालू ठेवलं. सहा वर्षं. रोज वीस मिनिटं, मग "हात."

तेराव्याला त्या मॅडम आल्या. त्याही आता म्हाताऱ्या, काठी टेकत जिना चढल्या. भिंतीवरची दिनदर्शिका बघून उभ्याच राहिल्या. शेवटच्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "अजून चालू होतं हे?"

मी म्हणालो, "तुमीच सांगितलं ना चालू ठेवा म्हणून."

"मी? मी तर बंद कर म्हणाले होते." खुर्चीवर बसल्या, माझ्याच. "मी तिला म्हणाले, सुमन, तुझा ब्लँक बिघडलाय. रोज पहाटे जो माणूस वीस मिनिटं न बोलता एका जागी बसतो, गोण्या का होईना मोजतो, तो तुझ्याइतकंच करतोय. यातून आता काही सिद्ध व्हायचं नाही. दुसरा माणूस बघ."

"मग?"

"हसायला लागली. म्हणाली, मॅडम, मला पहिल्या महिन्यातच कळलं. पण त्यांना सांगू नका. कळलं तर उठून जातील."

मॅडमना चहा द्यायचा होता. मी कप घेऊन मोरीपाशी गेलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो.

तुम्हाला आमचं कसं होतं ते माहीत नाही. मी मध्यरात्री मार्केटला जायचो, ती सकाळी कंपनीत. मी यायचो तेव्हा ती कामावर, ती यायची तेव्हा मी झोपलेला. जिन्यात गाठ पडली तर ती म्हणायची, भाजी झाकलीय. बावीस वर्षं असं. त्यातच पोरगं मोठं झालं, कसं झालं मला ठाऊक नाही. नंतर दोघं घरी बसलो तर बोलायला काही नव्हतं. मी पारावर पत्ते कुटायला जायचो. ती एकदा जरी म्हणाली असती, बसा की जरा माझ्यापाशी, तर मी काय म्हणालो असतो मला पक्कं माहीत आहे. म्हणालो असतो, तुला काम न्हाई का? तिलाही पक्कं माहीत होतं. आणि तोवर हात तर आम्ही लग्नात भटजीनं धरायला लावला तेवढाच धरलेला.

कप तीनदा विसळला. परत तीनदा. उजेडात धरला. मला काही नीट दिसलं नाही, तसाच चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. दिवा लावला. तिची चटई अंथरली, शेजारी माझी खुर्ची. पंखा दोनवर. पोरगा दारात येऊन म्हणाला, "आबा, चहा टाकू?"

"आदी चालत न्हाई," मी म्हणालो.

बसलो. एक गोणी, दोन गोण्या, तीन. वीस मिनिटं झाली. कुणी "हात" म्हणालं नाही. पोरगा परत येऊन बघून गेला. चाळीस झाली.

मी उठलो नाही.