शालिनीताई बघून घेतात

रिक्षात बसण्याआधी शालिनीताई तिची चाकं दाबून बघायच्या. रिक्षावाला कावला, की शांतपणे म्हणायच्या, "बघून घेतलेलं बरं."

उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. गाठ ओढून बघितल्याशिवाय त्या एकही पार्सल सोडत नसत. आमचे सिंधी शेठ हात जोडायचे, "साईं, मॅडम, अब तो जाने दो!" ताई चाळिशी उलटलेल्या, अंबरनाथला एकट्या राहणाऱ्या. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "स्थळं आली. बघितली. बघितल्यावर नको वाटली."

पालेगावात तेव्हा बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या. ताईंनी तिथे फ्लॅट घ्यायचं मनावर घेतलं आणि मला सोबत नेलं. बिल्डरचा माणूस टाइल्सचं कौतुक सांगतोय, तोवर ताई रस्ता ओलांडून समोरच्या शेतात. तिथे बाळाराम नावाचा शेतकरी भेंडी तोडत होता. वय ताईंच्याच आसपास, तोही बिनलग्नाचा, हे मागाहून कळलं.

"इथं पावसात पाणी भरतं का हो?"

"पावसात येवून बगा ना," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणी हे थट्टेवारी नेलं असतं. ताई भर जुलैत गमबूट घालून गेल्या. बिल्डिंगखाली गुडघाभर पाणी. फ्लॅट रद्द! तरी पुढच्या रविवारी पुन्हा निघाल्या.

"आता कशाला?" मी विचारलं.

"पाणी ओसरलं का, बघून घेतलेलं बरं."

पाणी ओसरलं, भेंडी संपली, वाल लागले, तरी ताईंचं बघणं संपेना. शेवटी बाळारामच म्हणाला, "म्याडम, तुमी येताव, बगताव नि जाताव. आता काय बगाचा रायलाय?"

"तुमच्या घरची माणसं," ताई म्हणाल्या.

तिथेही मीच सोबत. ओटीवर त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी. चहा यायच्या आत ताईंनी सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध. घरात बाबासाहेबांचा फोटो लागेल. पूजाअर्चा मी करणार नाही. माझ्या हातचं पाणी चालेल का, ते आत्ताच सांगा."

वहिनींनी पदर सारखा केला. भाऊ अंगणाकडे बघत राहिला. बाळाराम उठला, आतून पाण्याचा तांब्या आणून त्याने ताईंच्या हातात ठेवला.

"त्यांना नको इचारू. तहान मना लागलीय. दे."

ताईंनी दिला. सगळ्यांसमोर तो घटाघटा प्यायला.

वहिनी काही लग्नाला आल्या नाहीत. ताईंचा भाऊ कुरकुरत का होईना, आला. दोघांनी शेताच्या कडेला वेगळं घर बांधलं. ताई तिथूनच कारखान्यात येऊ लागल्या, डब्यात रोज वेगळी भाजी, आणि शेठना आग्रह करकरून वाढायच्या.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. उन्हं उतरली होती, ओट्यावर बसून आम्ही वाल सोलत होतो. शेताच्या पलीकडून हाक आली, "शालू!"

ताई गप्प. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"ए शालू!"

तरी गप्प. बोटं मात्र थांबलेली.

"ताई, ते बोलावताहेत."

"ऐकलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "आई गेल्यापासून मला अशी नुसत्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. अजून एकदा मारू दे."