सैल बटणाची ड्यूटी

शिस्त ही नेहमी वरून खाली येते. पाणीही तसंच येतं, पण ते निदान गाळून तरी घेता येतं.

त्या छावणीतले मोठे साहेब शिस्तीचे इतके भोक्ते होते, की सकाळी कुणा एकाचा यथासांग पाणउतारा केल्याशिवाय त्यांच्या हातून सही होत नसे. पाणउतारा झाला, की रजा म्हणू नका, शिधा म्हणू नका, औषधं म्हणू नका, सगळं धडाधड मंजूर! (मंजूर करताना ते कागद वाचत नसत. ह्याला कुणी निष्काळजीपणा म्हणेल. छावणीत ह्याला विश्वास म्हणत.)

पूर्वी मात्र हा पाणउतारा अत्यंत बेशिस्तपणे व्हायचा. जो सापडेल तो. एकदा आचाऱ्याच्या अंगावर भरलेली किटली आली, एकदा डॉक्टरला भर मैदानात कान धरून उभं केलं. तो दिवसभर कुणाची नाडी बघायला तयार होईना. शेवटी म्हाताऱ्या सुभेदारांनी डोकं चालवलं. रोज एकाच माणसाने शर्टाचं एक बटण सैल सोडून साहेबांपुढे सलाम ठोकायचा. साहेबांना चूक शोधायचे कष्ट नकोत आणि बाकीच्यांच्या जिवाला घोर नको.

ह्या कामी एका हवालदाराची निवड झाली. कारण त्याचा चेहरा. समोरचा आईबापांपासून सात पिढ्या उद्धरत असला, तरी हा आपला वाळत घातलेल्या सतरंजीसारखा निवांत. आत साहेब कडाडायचे, बाहेर सुभेदार दाराला कान लावून बसायचे, आणि आवाज ओसरला की मागच्यांना खूण करायचे, "झालं. आता निवांत. चला, सह्या घ्या." हवालदाराला सगळे प्रेमाने बटणराव म्हणू लागले.

छावणीत कुणावर दडपण तर नाही ना, अशी मध्यंतरी वरून विचारणा झाली. साहेबांनी तत्परतेने पाहणी केली. सर्वांना रांगेत उभं करून ते गरजले, "ज्याला माझी भीती वाटते, त्याने एक पाऊल पुढे यावं!" कुणी पापणीही हलवली नाही. समाधानाचं प्रमाण शंभर टक्के भरलं आणि साहेबांना पदक मिळालं.

बटणरावाची तक्रार नव्हती. इथे खाल्लेलं सगळं तो रजेवर जाईपर्यंत पोटात ठेवायचा. घरी नशिबाने सगळं जिथल्या तिथे असायचं, फक्त पहिल्या दिवशी चहात साखर पडायची राहून जायची. मग तो एकदा असा काही कडाडायचा, की पुढची सगळी रजा सुरळीत पार पडायची. (बायको विसरभोळी, दुसरं काय!)

पंचाईत झाली ती मुलीच्या लग्नाच्या वेळी. एकुलती एक लेक. बटणरावाने रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "लग्नात बापाला काम काय असतं? तू गेलास तर इथलं कोण बघणार?" सुभेदारांनीही मान डोलावली, कारण बदली माणूस मिळत नव्हता. शेवटी बटणरावाने जिवावर उदार होऊन दुसऱ्या दिवशी दोन बटणं सोडली. साहेब दुप्पट ओरडले, घामाघूम झाले, तृप्त झाले आणि रजेवर सही करून मोकळे झाले.

ऐन लग्नाच्या सकाळी तो घरी पोचला. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, आणि नवरीचा साज चढवलेली लेक स्वतः चहा घेऊन आली. त्याने घोट घेतला. बिनसाखरेचा! त्याने आवाज चढवायला तोंड उघडलं आणि लेकीकडे बघितलं.

ती ताठ उभी होती. चेहरा अगदी वाळत घातलेल्या सतरंजीसारखा. तिच्यामागे, आतल्या दाराला कान लावून, बायको उभी होती.

बटणरावाने पुन्हा कपात बघितलं. इतकी वर्षं चहा कुणी केला होता, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"छान झालाय गं चहा," तो कसाबसा म्हणाला.

घरात एकदम हलकल्लोळ माजला. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मेहुण्याने पोरांना मागल्या दाराने बाहेर काढलं. हार कुणी उचलेना, गाडी कुणी काढेना. लेक खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एकदाचं ओरडून घ्या ना. सगळे खोळंबलेत."

त्याला ओरडता येईना. तो तोच बिनसाखरेचा चहा घोट घोट पीत राहिला, आणि ते बघून तर पाहुणे आणखीच घाबरले.

असो. छावणीतल्या गोष्टी छावणीत. वाचकांचं घर काही छावणी नव्हे. वाचकांच्या घरी सगळं कसं जिथल्या तिथे असतं, फक्त रोज एखादी बारीकशी चूक राहून जाते, एवढंच. ती करण्याची ड्यूटी कुणाकडे आहे, तेवढी चौकशी करून ठेवावी. (जरा हळू आवाजात.)