दोरीवरची फडकी

आमच्या कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये कोणी म्हटलं, माझा चहा सगळ्यात चांगला, की वरच्या सुमनकाकू विचारायच्या, "कशावरनं?" मग तीन कप मागवायच्या, बुडाला खडूच्या खुणा, आपण डोळे मिटून प्यायचं आणि आपला चहा कुठला ते सांगायचं. घरमालकीण आजींना स्वतःचाच चहा ओळखता आला नाही. त्या दिवसापासून काकूंना चहाला कोणी बोलवत नाही.

काकू पन्नाशीच्या, एकट्या, एका कंपनीत पार्ट तपासायला जातात, आणि वर घरबसल्या बीए करतात, मानसशास्त्र घेऊन. म्हणायच्या, "मनाला आधी जे वाटतं ना, त्याला तेवढंच दिसतं." मी नववी शिकलेली, मी नुसती हो हो करायचे.

तेव्हा माझं बाळ चार महिन्यांचं, आणि दूध टिकायचंच नाही, वजन वाढेना, अंगणवाडीच्या ताई त्याला काट्यावरून उचलून परत ठेवून बघायच्या. डॉक्टर म्हणाले, पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, बाकी ठीक आहे. सासूबाई गावाकडून फोनवर म्हणाल्या, "ती वरची बाई येऊन गेल्यावर ओकतंय का बघ. तिला लेकरू नाही." मी बघितलं तर खरंच तसंच. मग मीठ-मिरच्या उतरवल्या आणि काकू दिसल्या की दार लावायला लागले.

त्या रागावल्या नाहीत. दारातच उभ्या. "माझी नजर लागती व्हय? कशावरनं?"

"तुम्ही येऊन गेलात की ओकतो."

"आन् मी येत न्हाई तवा?"

मला आठवेचना.

"बघ, रिजेक्ट तेवढं मोजलंस. ओके कोण मोजणार?"

मग त्यांनी पंधरा दिवसांचं ठरवलं. सकाळी डब्यातून चिठ्ठी काढायची. 'जा' निघालं तर कंपनीतून आल्यावर खालूनच हाक मारून माझ्याकडे, मधल्या मजल्यावर यायच्या, 'नको' निघालं तर जिन्यातूनच मान हलवत वर. आणि मोजायचं कोणी? "तू नको, तुझ्या मनात भ्या. मी नको, माझ्यावर आळ." म्हणून घरमालकीण आजी, कारण त्यांना ऐकू कमी येतं, काकू आल्या की नाही ते कळत नाही. बाळ ओकलं की पुसायला दर वेळी नवं फडकं, ती सगळी मी रात्री धुऊन दोरीवर टाकायचे; आजींनी रोज सकाळी ती मोजायची, कशासाठी ते विचारायचं नाही. आजी मला म्हणाल्या, "हिची काय फडकी चोरीला जात्यात का गं?"

पंधराव्या दिवशी काकूंनी पायरीवर बसून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. त्या आलेल्या दिवसांची फडकी जास्त होती. चांगलीच जास्त. मला वाटलं आता काहीतरी कारण काढतील. त्यांनी परत मोजलं आणि वही मिटली.

"खरं हाय गं. मी न्हाई येत आता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची बस थांबली, जिन्यात त्यांची पावलं वाजली, आणि माझ्या हातांनी आपोआप बाळाला उचलून छातीशी धरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. परक्यासमोर पाजायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं, म्हणून काकूंची हाक आली की त्या माझ्या दारात पोचायच्या आत मी भराभर पाजायचे, आणि ढेकर न काढताच आडवं करायचे. रोज. म्हणजे त्या आल्या की रोज.

मी बाळाला घेऊन तशीच वर पळाले, धापा टाकत सगळं सांगितलं. "मीच घाई करत होते हो काकू."

त्यांनी वही उघडून दोन्ही याद्या परत बघितल्या. मग म्हणाल्या, "लोक इतकी वर्सं म्हणत्यात, मलाबी वाटाय लागलं हुतं, माझ्यातच काय तरी हाय. म्हणून तर हे मनाचं शिकाय घेतलं."

मी तिथंच बसून पाजायला घेतलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बघा की इकडं," मी म्हटलं.

मग मी बाळाला त्यांच्या खांद्यावर दिलं. त्यांना धरता येईना, मी त्यांचा हात नीट ठेवला. त्याने ढेकर दिला, आणि थोड्या वेळाने झोपला. त्या थोपटतच राहिल्या.

"झोपला काकू, द्या."

"थांब की जरा," त्या म्हणाल्या.