भिंतीतून पलीकडे जाण्याबाबत

राज्याची नव्याने मांडणी करायची म्हटलं की दोन कामं निघतात. नकाशावरच्या रेघा पुसायच्या आणि कचेरीतल्या भिंती वाढवायच्या. पहिलं काम मोठी माणसं करतात आणि ते एका सहीत उरकतं. दुसऱ्याला मात्र जीव ओतावा लागतो. ग्वाल्हेरने आठ वर्षांत ते दोनदा केलं आणि दोन्ही वेळा चोख केलं, हे इथे कृतज्ञतेने नोंदवलं पाहिजे.

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं, तेव्हा शहरातल्या पडाव भागाजवळच्या सेवा-विलीनीकरण कचेरीत खोली नंबर एक आणि दोन यांच्यामधलं दार विटांनी बुजवण्यात आलं. एका खोलीत ग्वाल्हेरची दप्तरं होती, दुसरीत इंदूरची, आणि ती एकमेकांत मिसळू नयेत अशी वरिष्ठांची इच्छा होती. (विलीनीकरणाच्या कचेरीने काहीही मिसळू न देणं, याला शिस्त म्हणतात.) ही नवी भिंत इमारतीच्या वहीत चढवायची तेवढी राहून गेली. त्यामुळे १९५६ साल उजाडलं तरी कागदोपत्री तिथे दारच होतं.

आता मध्य भारतही १ नोव्हेंबरपासून नव्या मध्य प्रदेशात जायचा होता. राजधानी भोपाळला निघाली होती आणि प्रत्येक सरकारी नोकराची जागा पुन्हा ठरत होती. नियम सुटसुटीत होता. ज्याला आहे त्याच गावी राहायचं असेल त्याने ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचच्या आत खोली एकमध्ये अर्ज दाखवावा, मधल्या दाराने खोली दोनमध्ये जावं आणि ‘समक्ष हजर’ असा शिक्का घ्यावा. शिक्का नसलेल्यांची रवानगी रिकाम्या जागांवर होईल. रिकाम्या जागा बस्तरमध्ये पुष्कळ होत्या. खोली दोनला बाहेरून आणखी एक दार होतं खरं, पण तो भाग आधीच भोपाळकडे सोपवलेला असल्यामुळे तिथून फक्त शिक्का मिळालेल्यांनाच आत सोडत.

महिपतराव हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर. घर किला गेटला. मागच्या विलीनीकरणात त्यांना मंदसोरला धाडलं होतं आणि त्यांच्या पत्नी सुधाताई मुरारच्या कन्याशाळेतली नोकरी धरून इथेच राहिल्या होत्या. सात वर्षं संसार पोस्टकार्डावर चालला. गेल्या वर्षी महिपतराव परत आले, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना शोध लागला की आपली बायको पोळ्या लाटताना गुणगुणते. बस्तरचं नाव ऐकताच त्यांनी इथेच राहण्याचा अर्ज भरला. त्यांना नव्या राज्याकडून बढती नको होती, बिल्ला नको होता. रोज संध्याकाळी ते गुणगुणणं ऐकू यावं, एवढंच हवं होतं.

“अहो, इथे भिंत आहे,” त्यांनी पहिल्याच दिवशी खोली एकचे हेडक्लार्क, बडे बाबू दौलतसिंह यांना दाखवून दिलं.

“मास्तर, रजिस्टरमध्ये दरवाजा आहे,” दौलतसिंह प्रेमाने म्हणाले. “आता तुम्ही त्याला दीवार म्हणाल, तर ते तुमचं पर्सनल मत झालं ना. पण फिकर नका करू. मी फाइल चालवतो.”

फाइल चालली. भिंत पाडणं जरुरीचं आहे, की माणूस तिच्यातून आहे तसाच पलीकडे जाऊ शकतो, यावर तज्ज्ञांचं लेखी मत मागवण्यात आलं. अर्जदारांच्या रांगेत विज्ञानाचा माणूस एकच होता. म्हणून ते मत महिपतरावांनाच मागितलं गेलं.

इथे शहाण्या माणसाने ‘नाही’ एवढं लिहून आपली सुटका करून घेतली असती. पण महिपतरावांनी वीस वर्षं मुलांना एकच शिकवलं होतं, जितकं खरं तितकंच लिहा. त्यांनी दीड पान लिहिलं. इलेक्ट्रॉनसारखा अतिसूक्ष्म कण अडथळा न फोडता, न ओलांडता कधीकधी पलीकडे सापडतो, हे सिद्ध झालेलं आहे. माणूस असंख्य कणांचा बनलेला असल्याने त्याच्या बाबतीत ही शक्यता कल्पनेपलीकडे क्षुल्लक आहे. मात्र ती शून्य आहे, असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. शिवाय त्यांनी नमुन्यादाखल एक आकडा जोडला. आधी दशांशचिन्ह, मग चार ओळी शून्यं, शेवटी एक. (खरी शून्यं लिहायची तर किला गेटपासून मुरारपर्यंतचा रस्ताही पुरणार नाही, अशी तळटीप होती. रस्ता दुसऱ्या खात्याचा म्हणून ती वगळण्यात आली.)

पहिल्या टेबलावर ‘शून्य आहे, असं म्हणता येत नाही’ याखाली लाल रेघ आली. दुसऱ्या टेबलाने ‘कल्पनेपलीकडे क्षुल्लक’ हे शब्द वाङ्मयीन म्हणून काढले. तिसऱ्यावर टंकलेखकाने टाइपरायटरची रिबन वाचवण्याच्या परिपत्रकाचा आधार घेतला आणि शून्याला किंमत नसते या सर्वमान्य तत्त्वानुसार सगळी शून्यं गाळली. उरलं दशांशचिन्ह. ते चौथ्याने शाईचा डाग समजून खरवडलं. पाचव्या टेबलावरून आदेश निघाला: ‘तज्ज्ञांच्या मते शक्यता १, म्हणजेच पूर्ण खात्री. सबब भिंत पाडण्याचे कारण नाही. अर्जदारांनी जावे.’

अर्जदार जाऊ लागले. कचेरीने प्रयत्न-नोंदवही घातली, टिंक्चर आयोडीनची बाटली ठेवली आणि मंगळवार महिलांसाठी राखून ठेवला. अर्जदारांपैकी जयसिंहरावांचे आजोबा दरबारात पुढच्या रांगेत बसत, म्हणून भिंतीवर पहिली धडक आपली, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला. पगडी घालून धडकावं की काढून, यावर तीन दिवस पत्रव्यवहार चालला. ३१ ऑक्टोबरला दुपारी साडेचारपर्यंत अर्जदार ३१२, प्रयत्न १,९४०, पलीकडे गेलेले निरंक, फुटलेली कपाळं ४१, चष्मे १७. भिंतीचा दोन बोटं गिलावा पडला, तो ‘प्रगती’ या रकान्यात दाखवला.

महिपतरावही कॉलेज सुटल्यावर रोज येत. हे किती व्यर्थ आहे ते त्या रांगेत फक्त त्यांनाच आकड्यानिशी माहीत होतं, तरी ते येत. भिंतीला गाल लावला की पलीकडून शिक्क्याचा ठप्प ठप्प आवाज येई. (अर्जदार नसले तरी शाई वाळू नये म्हणून तिथले अधिकारी जगदेवराव दर तासाला कोऱ्या कागदावर शिक्का मारत.)

शेवटच्या दिवशी दुपारी चारला सुधाताई शाळेतून रजा टाकून टांग्याने आल्या. दिवाळी दोन दिवसांवर होती. त्यांनी रांग पाहिली, भिंत पाहिली, नवऱ्याच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि सरळ दौलतसिंहांच्या टेबलाशी गेल्या.

“पलीकडे कोण बसतं?”

“जगदेवराव.”

“ते चहाला कुठे जातात?”

“समोरच्या दुकानात, भाभी. माझ्याच बरोबर. रोज साडेचारला.”

“आणि शिक्का?”

“तो ते खिशातच ठेवतात. जिम्मेदारीची चीज आहे.”

चार पस्तीसला चहाच्या दुकानात, बाकावरची बशी बाजूला सारून, जगदेवरावांनी अर्जावर शिक्का मारला. मग नोंदवही पुढे केली. “पण दुकानात दिला, असं लिहिता नाही येणार. ‘खोली दोनमध्ये समक्ष हजर, मार्ग मधला.’ इथे दस्तखत करा.”

महिपतरावांचं पेन थांबलं. त्यांनी आयुष्यात खोट्यावर सही केली नव्हती. त्यांनी सुधाताईंकडे पाहिलं. मंदसोरची गाडी सुटताना त्या जशा फलाटावर उभ्या राहत, तशाच उभ्या होत्या.

“मास्तर, यात झूठ काय आहे?” दौलतसिंह समजुतीने म्हणाले. “शून्य नाही, हे तुम्हीच तर लिहिलंय.”

महिपतरावांनी सही केली. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि आनंद झाला तो त्याहून कितीतरी मोठा होता.

मध्य भारताच्या अखेरच्या अहवालात नोंद झाली की १,९४१ प्रयत्नांत एक अर्जदार भिंतीतून यशस्वीपणे पलीकडे गेला. उरलेल्या ३११ जणांना पत्रं गेली: भिंतीतून जाता येतं हे आता सिद्ध झालं असताना आपण का गेला नाहीत, याचा खुलासा बस्तरला रुजू झाल्यावर आठ दिवसांत पाठवावा. चहाची वेळ त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. तसा नियम कुठे छापलेलाही नव्हता.

वाचकांपैकी कुणाला अजूनही वाटत असेल की हाडामांसाचा माणूस भिंतीतून जाऊ शकत नाही, तर त्यांनी उठून घरातली प्रमाणपत्रांची फाइल उघडावी. ‘माझ्यासमक्ष हजर राहून सही केली’ असा गोल शिक्क्याचा एक तरी कागद तीत निघेल. खालची सही आपलीच आहे ना, तेही पाहून घ्यावं. मग त्या दिवशी, त्या वेळी आपण नेमके कुठे होता, ते कृपया शास्त्रज्ञांना कळवावं. त्यांच्याकडे अजून फक्त इलेक्ट्रॉन आहेत.